चढावर गाडी रांगते : ओपनटीटीडीत डोंगरातली लाइन कशी बांधता?

घाटवळण

मंडळी, तीन रात्री एकाच डोंगरावर डोकं आपटून झालं, आता इथे विचारतो.

ओपनटीटीडी (रेल्वे-वाहतुकीचा संगणकावरचा खेळ), बर्फाळ प्रदेशाचा नकाशा, रिअलिस्टिक अ‍ॅक्सिलरेशन (वजन आणि चढाचा हिशोब धरणारं सेटिंग) चालू, गाड्यांसाठी चढ ३ टक्के. वर पठारावर एक गाव आहे, लेव्हल ११ ला (लेव्हल म्हणजे उंचीची एक पायरी). हिमरेषेच्या वर असल्यामुळे अन्न पोचल्याशिवाय ते वाढत नाही. गावाला लागूनच अन्नाचा कारखाना आहे, पण गहू पिकतो खाली दरीत, लेव्हल २ ला. म्हणजे नऊ लेव्हल गहू वर चढवायचा, एवढंच काम. मी दरीतून कड्यापर्यंत सरळ रूळ टाकले आणि कड्याला नऊ टाइल (नकाशाचे चौकोन) सलग चढ दिला. जिनाच म्हणा ना.

गाडी अशी : ८०० अश्वशक्तीचं वाफेचं एक इंजिन, नऊ डबे, भरल्यावर सगळं मिळून ४०० टनांच्या आसपास. सपाटीवर मस्त पळते. जिन्याला लागली की पहिल्या काही टाइल जोरात, मग वेग पडत पडत ताशी १६ वर. मागची गाडी लाल सिग्नलला, तिच्या मागे तिसरी. काल सहा गाड्यांची रांग लागली होती आणि वर कारखाना रिकामा.

दुसरं इंजिन जोडलं तर बरं चालतं, पण स्टेशन पाच टाइलचं, त्यामुळे एक डबा काढावा लागतो. जास्त ताकदीचं इंजिन यायला अजून बरीच वर्षं आहेत. बोगदा पाडू? डोंगर उकरू? की गाव सोडून देऊ?

रूळावरचा मुंगळा

गाव सोडून द्या. गावाला कळणारही नाही.

रात्रपाळी

आधी एक बघा. सेटिंगमध्ये मालाच्या वजनाचा गुणक असतो, तो १ वर आहे ना? माझा एकदा कधीतरी ४ वर करून ठेवलेला होता आणि मी दोन आठवडे इंजिनाला शिव्या घालत होतो.

घाटवळण

बघितलं, १ वरच आहे. (आधी तेच असावं अशी आशा होती.)

सांधेवाला

गाव सोडू नका, आणि डोंगरही उकरू नका. हे गणित एकदा कागदावर मांडलं की पुढे आयुष्यभर पुरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या खेळात चढाचं ओझं अख्ख्या गाडीला एकदम लागत नाही. जो डबा त्या क्षणी तिरक्या टाइलवर आहे, त्याच्याच वजनाचं लागतं. तुमची गाडी पाच टाइलची, म्हणजे एका टाइलवर दोन डबे. सगळ्यांचं वजन सारखं धरू, ४० टन प्रत्येकी.

आता सलग जिना. गाडी पूर्ण चढावर असताना ४०० टन × ९.८ × ०.०३, म्हणजे जवळजवळ ११८ किलोन्यूटन नुसते चढासाठी. तुमचं ८०० अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे सुमारे ६०० किलोवॉट. भागाकार करा : सेकंदाला ५.१ मीटर, ताशी १८ किमी. त्यातून घर्षण वगैरे वजा करा. तुमचे १६ आले. इंजिनाचा काही दोष नाही, ते बिचारं जेवढं आहे तेवढं सगळं देतंय.

आता तेच नऊ चढ सुटे करा. एक टाइल चढ, चार टाइल सपाट, पुन्हा एक चढ, चार सपाट. गाडी पाच टाइलची असल्यामुळे कधीही बघा, तिचा फक्त एक टाइलभर भाग चढावर असतो. दोन डबे, ८० टन. ओझं साडेतेवीस किलोन्यूटनांवर येतं. त्याच इंजिनाला त्याच डोंगरावर आता ताशी ९२ पर्यंत जाता येईल, घर्षण सोडून. ७५–८० तरी नक्की पडेल.

थोडक्यात, तिरक्या टाइलची संख्या बदलत नाही, नऊ लेव्हलला नऊच लागतात. त्यांच्यामधलं अंतर किमान गाडीच्या लांबीएवढं ठेवायचं, बस.

घाटवळण

हे आधी कुणी का नाही सांगितलं! पण नऊ चढ × पाच टाइल म्हणजे ४५ टाइल लांबी. माझ्याकडे दरीच्या स्टेशनापासून कड्यापर्यंत सरळ मोजून १४ टाइल आहेत.

वाफेची राणी

स्वागत आहे. १४ मध्ये ४५ कसे बसवायचे हा प्रश्न पडला की माणूस खेळाडूचा इंजिनिअर होतो. :)

स्वित्झर्लंडमधल्या अल्बुला लाइनीवर बेर्ग्युन ते प्रेडा हा टप्पा नकाशावर काढून बघा. दोन्ही गावांमधलं सरळ अंतर साधारण ५ किमी, उंचीतला फरक ४०० मीटरच्या वर. सरळ गेलं असतं तर चढ हजारी ८० च्या (हजार मीटरला ८० मीटर) आसपास पडला असता. लाइनीची मर्यादा हजारी ३५. मग त्यांनी रूळच लांब केले : दरीच्या या अंगाला एक वेटोळं, पूल ओलांडून त्या अंगाला दुसरं, काही वळणं सरळ डोंगराच्या पोटात बोगद्यातून फिरवलेली. पाच किमीच्या जागी बारा किमीच्या वर रूळ. १९०३ मध्ये सुरू झालेला टप्पा आहे आणि आजही रोजच्या गाड्या त्यावरूनच जातात. तिथल्याच गोट्टहार्डच्या जुन्या लाइनीवर वासेनचं चर्च गाडीतून तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसतं, त्याचंही कारण हेच. गाडी त्या गावाभोवती वेटोळी घालत वर चढते.

तुम्हालाही तेच करायचंय. दरीच्या कडेकडेने वळण घ्या, मग एक पूर्ण वेटोळं. २० टाइल घेराच्या वेटोळ्यात सुटे चार चढ बसतात, म्हणजे चार लेव्हल. स्वतःच्याच रुळांवरून जायला पुलाला एक लेव्हलचा फरक पुरतो, तेव्हा जागा मुबलक आहे.

रूळावरचा मुंगळा

एवढं कशाला? सरळ बोगदा मारायचा, आत शिरायचं खाली आणि निघायचं वर.

सांधेवाला

मुंगळेभाऊ, ओपनटीटीडीत बोगदा ज्या लेव्हलला आत जातो त्याच लेव्हलला बाहेर पडतो. चढवत नाही तो. मधे आडवी आलेली धार ओलांडायला उपयोगी, उंची गाठायला नाही. शिवाय त्याची किंमत चक्रवाढ आहे : प्रत्येक पुढची टाइल आधीपर्यंतच्या खर्चावर टक्केवारी चढवत जाते. लांब बोगद्यापेक्षा मधे एखादी टाइल उघडी पाडून दोन आखूड बोगदे केले तर बहुतेक वेळा स्वस्त पडतात. आणि त्या उघड्या टाइलवर सिग्नलही बसतो. मूळ खेळात बोगद्याच्या आत सिग्नल लागत नाही, त्यामुळे ३० टाइलचा बोगदा म्हणजे ३० टाइल एकाच गाडीच्या नावावर. गर्दीच्या लाइनीवर तिथेच गळा आवळतो.

रूळावरचा मुंगळा

बरं बाबा. माझ्या नकाशात ५० टाइलचा एक आहे. आता कळलं तिथे कायम रांग का असते ते.

रात्रपाळी

एक शंका. वेटोळ्याला पैसे मिळतात का? माझ्या माहितीप्रमाणे भाडं हे दोन स्टेशनांमधल्या नकाशावरच्या अंतरावर मिळतं, रूळ किती फिरले त्यावर नाही. मग १४ टाइलचं भाडं घेऊन ४५ टाइल चालायचं, वर उशिराची कापणी. कोळसा असता तर गोष्ट वेगळी, कोळशाला उशीर फारसा लागत नाही. गव्हाला तेवढी सवलत नाही.

सांधेवाला

शंका बरोबर. म्हणून वेळाचंही गणित करा. नऊ टाइल १६ च्या वेगाने आणि ४५ टाइल ८० च्या वेगाने. वेळ सारखाच! पाचपट रस्ता, पाचपट वेग. म्हणजे एकट्या गाडीचा विचार केला तर वेटोळ्याने काही कमावलं नाही, गमावलंही नाही.

फरक रांगेत आहे. जिन्यावरून गाडी पूर्ण बाहेर पडायला नऊ टाइल आणि तिची स्वतःची पाच, अशा चौदा टाइल सरपटत जावं लागतं, आणि तोवर मागची खाली उभी. ती उभी राहिली म्हणजे तिचा वेग शून्य, सपाटीवर कमावलेला जोर गेला, तीही जिन्याच्या पायथ्यापासून रांगणार. तिसरीचं तेच. वेटोळ्यावर मात्र दर पाच-सहा टाइलला सिग्नल ठेवता येतो आणि एकामागोमाग तीन-चार गाड्या चालत्या राहतात. तुमच्या सहा गाड्यांच्या रांगेचं औषध ते आहे.

सिग्नलबद्दल एक सांगायचं राहिलं. सलग चढावर मधे सिग्नल कधीही लावू नका. तिथे थांबलेली गाडी पुन्हा हलवायची म्हणजे पूर्ण वजन, पूर्ण चढ आणि वेग शून्य. चढाच्या आधी लावा, मधली जागा एकच ब्लॉक (एका वेळी एकाच गाडीची जागा) राहू दे. सुट्या चढांच्या लाइनीवर हा प्रश्न येत नाही, गाडी कुठेही थांबली तरी ओझं एकाच टाइलचं.

आणि वेटोळं आवळू नका. साध्या रुळांवर लगेच लागोपाठ त्याच बाजूला वळलात तर वेगाची मर्यादा ८८, मधलं अंतर वाढवलं तर मर्यादाही वाढते. नव्वद अंशाचं कोपरं काढलं तर सरळ ६१. वळणावर घालवलेला वेग पुढच्या चढाला उपयोगी पडत नाही.

किल्ली हरवली

वेटोळ्याला जागा नसेल तर झिगझॅग करा, दार्जिलिंगसारखं. मी केलंय. म्हणजे करायला गेलो होतो.

गंमत सांगतो. आडवा रूळ टाकला, टोकाला बंद केला, तिथून गाडी उलटी फिरून वरच्या रुळाला लागेल असा सांधा. रात्रभर बसून चार टप्पे बांधले. पहिली गाडी आली, टोकाला गेली, थांबली, फिरली आणि आली तशी खाली निघून गेली. खाली जाऊन परत वर आली. पुन्हा टोक, पुन्हा खाली. मला वाटलं ऑर्डर चुकल्या. अर्धा तास ऑर्डर तपासल्या, वेपॉइंट टाकले, सिग्नल उपटले. शेवटी झूम करून बघतो तर गाडी सहा टाइलची आणि टोकाचा तुकडा पाच टाइलचा. पुढचं इंजिन टोकाला टेकलं तेव्हा शेवटचे दोन डबे अजून सांध्याच्याही मागेच. फिरल्यावर तेच डबे पुढे, आणि ते आधीच जुन्या रुळावर! जातील कुठे?

एक टाइल वाढवली, झालं. पण दर टप्प्याला गाडी थांबून शून्यापासून सुरू होते, त्यामुळे गर्दीला निरुपयोगी. दिवसातून दोन गाड्या असतील तर बघायला मजा येते.

वाफेची राणी

हाहाहा, शेवटचे दोन डबे! खऱ्या झिगझॅगवरही गाडीची लांबी त्या टोकाच्या तुकड्यानेच ठरते. दार्जिलिंगच्या गाड्या लहान असतात त्याला ६१० मिलिमीटरचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) हे एक कारण, आणि हे दुसरं.

रात्रपाळी

जाता जाता, ट्रान्सपोर्ट फिव्हर २ खेळणाऱ्यांसाठी. तिथे टाइल नाहीत, चढ हवा तसा ओढता येतो, त्यामुळे सांधेवाल्यांची 'एक चढ, चार सपाट' ही युक्ती लागू नाही. तिथे एकसारखा मंद चढच बरा. समोच्च रेषा दाखवायची सोय चालू करा आणि रेषेला जवळजवळ समांतर, किंचित वर, असे लहान लहान तुकडे टाका. लांब तुकडा एकदम ओढलात की खेळ स्वतःच्या मनाने एवढा मोठा भराव घालतो की डोंगराला पट्टी लावल्यासारखं दिसतं, आणि पैसे त्यातच जातात.

सांधेवाला

घाटवळण, रात्री झोपताना लक्षात आलं. आपण सगळे एक गोष्ट विसरलो. तुमच्या गाड्या वर जाताना भरलेल्या असतात आणि उतरताना?

घाटवळण

रिकाम्या. परतीचा माल काहीच नाही.

सांधेवाला

मग तो जिना पाडू नका! डोंगरातली लाइन ही डोंगरासाठी बांधायची नसते, भरलेल्या गाडीसाठी बांधायची असते. वेटोळं फक्त वर जाणाऱ्या गाड्यांना द्या, एकेरी. रिकाम्या गाड्या तुमच्या जुन्या जिन्यावरून खाली सोडा, तोही एकेरी. उतरताना चढाचं ओझं नाहीच, उलट उतार ढकलतो. नऊ टाइलमध्ये खाली. दोन्ही दिशांना सारखीच लाइन हवी हा आपला आळस आहे, समांतर दोन रूळ ओढायला सोपे जातात म्हणून.

वाफेची राणी

इथे मात्र मला राहवत नाही. खऱ्या रेल्वेत माणसं चढाला घाबरत नाहीत, उताराला घाबरतात. चढावर जोर कमी पडला तर गाडी थांबते, फार तर मागून एक इंजिन लावून ढकलतात. उतारावर ब्रेक कमी पडला तर थांबवायला कुणी नाही. ब्रेक तापतात, सुटलेली गाडी आवरण्यासाठी चढावर जाणारे वाळूचे फाटे काढून ठेवावे लागतात. या खेळात ब्रेक कधी तापतच नाहीत, म्हणून तुमचा जिना चालतो.

उलट उदाहरणही आहे. स्वीडनमधलं लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरात उतरतं, ती लाइन समुद्राकडे उताराची आहे. भरलेल्या गाड्या खाली, रिकाम्या वर. विजेची इंजिनं उतरताना ब्रेक लावून वीज परत तारेत सोडतात आणि ती वर चढणाऱ्या रिकाम्या गाडीला मिळते. असं काही या खेळात असतं तर मी बाकी सगळं सोडून तेच खेळले असते.

सांधेवाला

मान्य. खेळाने दिलेली सूट आहे ती, आणि सूट दिलीय तर घ्यायची. मागून ढकलणारं इंजिन मात्र इथे मिळत नाही. जोडायचं तर ते सगळ्या प्रवासभर सोबत न्यावं लागतं, सपाटीवरही. तेच घाटवळण यांचं दुखणं होतं.

एक राहिलं : चढाच्या आधी, दरीत, डेपो टाका आणि ऑर्डरमध्ये तिथे देखभाल लावा. गाडी बिघडून चढावर थांबली की मागच्या सगळ्या थांबतात.

रूळावरचा मुंगळा

आणि वाट बघायची तयारी असेल तर चांगलं इंजिन येईपर्यंत काहीच करू नका.

वाफेची राणी

ऑस्ट्रियातल्या सेमरिंग लाइनवाल्यांनी असा विचार केला असता तर? १८४८ मध्ये आल्प्समधून ती लाइन खणायला घेतली तेव्हा तो चढ रोज चढेल असं इंजिन अस्तित्वात नव्हतं. काम चालू असताना १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा लावली. चार उतरली, बक्षीस दिलं गेलं, पण रोजच्या कामाला त्यातलं एकही जसंच्या तसं चाललं नाही. त्यावरून धडे घेऊन नवीन घडवलं. १८५४ मध्ये लाइन सुरू झाली. रूळ आधी, इंजिन मागाहून.

घाटवळण

दोन दिवसांनी येतोय, अहवाल देतो.

वेटोळं बांधलं. पहिले चार चढ दरीच्या उत्तर कडेने, मग २२ टाइलचं एक वेटोळं, त्यात चार, आणि शेवटचा एक पठाराला लागताना. जुना जिना आता फक्त उताराचा. एका ठिकाणी मी दोन चढांमध्ये तीनच टाइल ठेवल्या होत्या, कारण पूल मधे येत होता, आणि गाडी बरोबर तिथेच ५० च्या खाली यायची. सांधेवाल्यांचं गणित पडताळून बघायला तेवढं पुरलं. पूल एक टाइल सरकवला. आता भरलेली गाडी ७२ च्या खाली येत नाही. रांग नाही. चार गाड्या एका वेळी चढावर असतात आणि एक क्षण असा येतो की एक गाडी पुलावरून जाते आणि दुसरी बरोबर तिच्या खालून. तो बघण्यासाठी मी खेळ थांबवून ठेवतो.

गव्हाची पहिली खेप कारखान्यात पोचली, अन्न तयार झालं. आता फक्त गावात ट्रकचं स्टेशन टाकायचं, की काम फत्ते.

तर गावाची नगरपालिका परवानगी देत नाही! मी काय केलं?

किल्ली हरवली

वेटोळ्यासाठी झाडं किती तोडलीत?

घाटवळण

...सगळी.

सांधेवाला

मग झालं तर. झाडं तोडली की जवळच्या गावाचं तुमच्याबद्दलचं मत खाली जातं. गावाच्या हद्दीत जिथे मोकळी टाइल दिसेल तिथे झाडं लावायला घ्या, मत हळूहळू वर येईल.

रूळावरचा मुंगळा

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, गाव सोडून द्या.

घाटवळण

लावतोय. आतापर्यंत ६० लावली. अजून 'खराब' दाखवतंय.